दोनशे शब्द पाठ आहेत, तरी स्पॅनिशमधली क्राईमची बातमी का चुकते?

प्रश्न वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी तो थोडक्यात परत मांडते. तुमचं स्पॅनिशचं बी-वन (मधली पातळी) झालंय, पुण्यात एका कंपनीत केवायसीच्या कामाला लागलात, तिथे स्पेन आणि लॅटिन अमेरिकेतल्या बातम्या वाचून अमक्या माणसावर काही केस-बिस आहे का ते रिपोर्टमध्ये लिहायचं असतं. गुन्हे आणि कायद्याच्या दोनशे शब्दांची कार्डं मोबाईलवर घोटून झाली, तरी एका बिझनेसमनबद्दल तुम्ही 'चार वर्षांची शिक्षा झाली' असं लिहिलंत आणि क्यूसीने, म्हणजे रिपोर्ट तपासणाऱ्यांनी, ते लाल केलं, कारण तो माणूस सुटला होता. आणि आता विचारताय की हजार शब्दांची चांगली यादी कुठे मिळेल.

यादी देत नाहीये, राग मानू नका. मी सतरा-अठरा वर्षं स्पॅनिश शिकवते आणि त्यातली बरीच वर्षं कोर्टाची कागदपत्रं भाषांतर करण्यात गेलीत, माझ्या स्वतःच्या वह्यांमध्ये अशा तीन याद्या पडून आहेत आणि त्यातली एकही कामाला आली नाही. तुम्ही दिलेलं वाक्यच बघा ना. 'ला आउदिएन्सिया आ आब्सुएल्तो अल एम्प्रेसारियो, पारा किएन ला फिस्कालिया पेदिया कुआत्रो आन्योस दे प्रिसिओन पोर ब्लांकेओ. ला सेन्तेन्सिया नो एस फिर्मे.' (उच्चार मी लॅटिन अमेरिकेच्या ढंगाने लिहितेय, माद्रिदवाले जिथे 'थ' म्हणतात तिथे माझा 'स' समजा.) यातला प्रिसिओन तुम्हाला येत होता, ब्लांकेओ म्हणजे काळा पैसा पांढरा करणं हेही येत होतं, आब्सोल्बेर म्हणजे निर्दोष सोडणं हे तर तुमच्या कार्डावरच असणार. पण बातमीत आब्सोल्बेर येत नाही, आब्सुएल्तो येतं, आणि ते रूप ओळखीचं नसल्यामुळे नजर पुढे गेली आणि 'चार वर्षं तुरुंग' यावर जाऊन चिकटली. शिवाय 'पेदिया', म्हणजे मागत होती. चार वर्षं फिस्कालिया, म्हणजे सरकारी पक्ष, मागत होता, आउदिएन्सियाने, म्हणजे कोर्टाने, दिली नाहीत.

म्हणजे खरा प्रॉब्लेम शब्द कमी असण्याचा नाहीये. कोण बोलतंय आणि केस कुठवर आलीय, हे वाक्यातून उचलता येत नाहीये. मराठी पेपरात 'फिर्याद', 'अटक', 'दोषारोपपत्र', 'जामीन' हे वाचलं की आपल्याला आपोआप कळतं की गाडी कुठल्या स्टेशनावर आहे, कारण तो रस्ता माहितीतला आहे. स्पॅनिशमध्ये स्टेशनांची नावं पाठ केलीत, रूट पाहिलाच नाही.

आता हे कबूल करते की कोण कशासाठी शिकतंय यावर बरंच अवलंबून आहे. कुणी फक्त देले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेपुरतं शिकत असेल तर चोर, पोलीस, साक्षीदार, दंड एवढ्यावर भागतं. बार्सिलोनाला फिरायला जाणाऱ्याला कार्तेरिस्ता म्हणजे पाकीटमार आणि 'मे आन रोबादो' म्हणजे मला लुटलं, एवढं आलं की पोलीस स्टेशनात काम होतं. तुमचं काम वेगळं आहे, तिथे एका शब्दाने माणूस आरोपीचा गुन्हेगार होतो, म्हणून पुढचं सगळं तुमच्या कामाच्या हिशोबाने सांगतेय.

पहिलं काम म्हणजे एक आडवी रेघ मारा आणि त्यावर माणसाची अवस्था लिहा. स्पेनमध्ये साधारण असं चालतं. पोलिसांनी पकडला की तो देतेनिदो. घटनेप्रमाणे जास्तीत जास्त ७२ तास ठेवता येतं (आपल्याकडे २४), मग 'आ दिस्पोसिसिओन हुदिसियाल', म्हणजे कोर्टापुढे हजर. तिथून तपास सुरू असेपर्यंत तो इन्बेस्तिगादो, ज्याची चौकशी चालू आहे असा. खटला उभा राहिला की आकुसादो, आरोपी. निकाल लागला की एक तर कोन्देनादो, दोषी ठरून शिक्षा झालेला, नाहीतर आब्सुएल्तो. आणि मधेच एक फाटा फुटतो जो सगळे विसरतात, सोब्रेसेइमिएन्तो, म्हणजे पुराव्याअभावी किंवा मुळात गुन्हाच दिसत नाही म्हणून केस खटल्याआधीच बंद. ती 'प्रोबिसिओनाल' असेल तर पुन्हा उघडू शकते, 'लिब्रे' असेल तर कायमची संपली. रिपोर्टमध्ये या दोन्हीत केवढा फरक पडतो ते तुम्हीच सांगा.

त्यातही वर्ष बघावं लागतं. २०१५ पर्यंत स्पेनमध्ये इन्बेस्तिगादोच्या जागी इम्पुतादो म्हणायचे. तो शब्द पेपरात आला की लोक माणसाला गुन्हेगारच धरायला लागले, म्हणून त्या वर्षीच्या दुरुस्तीत कायद्यातला शब्दच बदलला. स्पेनच्या राजाची बहीण इन्फान्ता क्रिस्तिना हिच्या नोस केसच्या (नोस या संस्थेतून सरकारी पैसा लाटल्याची केस) २०१४ च्या बातम्या काढल्यात तर सगळीकडे इम्पुतादा दिसेल. २०१६ मध्ये ती खटल्यात आरोपी म्हणून बसली, २०१७ च्या फेब्रुवारीत निकाल आला तेव्हा नवरा इन्याकी उर्दांगारिन कोन्देनादो आणि ती आब्सुएल्ता. तरीही तिला पैसे भरायला लावले, कारण गुन्हा नसला तरी नवऱ्याच्या गुन्ह्याचा फायदा तिच्याकडे आला होता असं कोर्टाचं म्हणणं. ही एक केस पहिल्या बातमीपासून २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने उर्दांगारिनची शिक्षा थोडी कमी केली तिथपर्यंत वाचा. माझ्या मते दोनशे कार्डांपेक्षा या एका केसमधून जास्त शब्द डोक्यात राहतात, कारण प्रत्येक शब्दाला एक तारीख आणि एक चेहरा चिकटतो.

दुसरी गोष्ट, देश. कार्डाच्या कोपऱ्यात देशाचं नाव नसेल तर ते कार्ड धोकादायक आहे, हे मी गमतीने म्हणत नाहीये. साधी चोरी घ्या. स्पेनमध्ये उर्तो म्हणजे जोरजबरदस्ती न करता उचललेलं, रोबो म्हणजे माणसावर बळ वापरून, धाक दाखवून किंवा कुलूप-दार फोडून. आपल्या भाषेत उर्तो म्हणजे चोरी आणि रोबो म्हणजे जबरी चोरी अधिक घरफोडी, असं जवळपास बसतं. (उर्तो ४०० युरोंपर्यंतचा असेल तर सहसा देलितो लेबे, किरकोळ गुन्हा.) पण मेक्सिकोच्या फेडरल पीनल कोडमध्ये उर्तो नाहीच, सगळंच रोबो. आणि कोलंबियात बरोब्बर उलटं, तिथे कोडमध्ये सगळंच उर्तो, हिंसा झाली तर उर्तो कालिफिकादो. म्हणजे बोगोताच्या बातमीत उर्तो वाचून 'किरकोळ चोरी' लिहिलंत तर ती कदाचित बंदूक लावून केलेली जबरी चोरी असेल.

खुनाचंही तसंच. स्पेनमध्ये ओमिसिदियो (मनुष्यवध) आणि आसेसिनातो (खून) वेगळे, आसेसिनातोला दगाफटका, सुपारी, क्रूरपणे हाल करणं किंवा दुसरा गुन्हा लपवण्यासाठी मारणं असं काहीतरी लागतं. मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात लोक बोलताना आसेसिनातो म्हणतात, पेपरवालेही लिहितात, पण कोडमध्ये तो ओमिसिदियो कालिफिकादो किंवा आग्राबादो, म्हणजे जास्त गंभीर प्रकारचा. आणि यातला सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे ओमिसिदियो कुल्पोसो. इंग्रजी 'कल्पेबल होमिसाईड' डोक्यात असल्यामुळे आपल्याकडची मुलं हमखास 'सदोष मनुष्यवध' लिहितात. चूक! कुल्पोसो म्हणजे निष्काळजीपणाने, गाडीखाली माणूस गेला वगैरे. मुद्दाम केलेलं असेल तर दोलोसो. स्पेनवाले कुल्पोसोच्या जागी इम्प्रुदेन्ते म्हणतात, ते तरी बरं, फसायला होत नाही.

आणखी एक आयानामिएन्तो. स्पेनमध्ये 'आयानामिएन्तो दे मोरादा' म्हणजे दुसऱ्याच्या घरात बेकायदा घुसणं, गुन्हा. अर्जेंटिना, कोलंबिया, पेरूच्या बातमीत नुसतं आयानामिएन्तो म्हणजे पोलिसांनी घराची घेतलेली झडती, बहुतेक वेळा कोर्टाच्या ऑर्डरने. म्हणजे एका देशात चोर घुसतो, दुसऱ्या देशात पोलीस. त्याच झडतीला मेक्सिकोत कातेओ आणि स्पेनमध्ये रेहिस्त्रो. आणि दिवाणी दाव्यात कुणी 'से आयानो' असं आलं तर त्याने समोरच्याची मागणी मान्य केली, घराबिराचा संबंधच नाही.

मेक्सिकोची फाईल असेल तर अजून दोन गोष्टी. तिथे २००८ च्या घटनादुरुस्तीने फौजदारी पद्धतच बदलली आणि २०१६ पर्यंत ती देशभर लागू झाली, त्यामुळे आताच्या बातम्यांत 'बिंकुलादो आ प्रोसेसो' येतं. याचा अर्थ न्यायाधीशाला केस पुढे चालवण्याइतकं काहीतरी दिसलं, दोषी नाही! दुसरं आम्पारो. आपल्या रिटच्या जवळ जाणारी चीज आहे, सरकारी कारवाईविरुद्ध फेडरल न्यायाधीशाकडे मागायचं संरक्षण, एकोणिसाव्या शतकात युकातानमध्ये सुरू झालेलं. अमक्याला आम्पारो मिळाला म्हणजे तो निर्दोष ठरला असं नाही, त्याच्या अटकेच्या ऑर्डरला तूर्त आडकाठी आली इतकंच असू शकतं. याला मराठी शब्द शोधत बसू नका, आम्पारो असाच ठेवा आणि पुढे अर्ध्या ओळीत काय ते सांगा. प्रोकुरादुरियाचंही बघून लिहा. मेक्सिकोत हे सरकारी तपास-खटला खात्याचं जुनं नाव, फेडरल पातळीवर २०१८-१९ च्या सुमारास त्याची फिस्कालिया झाली. कोलंबियात मात्र दोन्ही आजही वेगळी ऑफिसं आहेत, प्रोकुरादुरिया सरकारी नोकर-पुढाऱ्यांवर शिस्तीची कारवाई करते आणि फिस्कालिया फौजदारी. तिथल्या प्रोकुरादुरियाने कुणाला पदावरून दूर केलं तर ती 'शिक्षा झाली' नव्हे.

आता ओळखीचे वाटणारे पण घात करणारे शब्द. यात मी स्वतः पडलेय, म्हणून जरा पोटतिडकीने सांगते. सुरुवातीच्या काळात एका क्लायंटसाठी काम करताना 'दिक्तो सेन्तेन्सिया' याचं मी बेधडक 'शिक्षा सुनावली' केलं होतं. सेन्तेन्सिया म्हणजे निकाल, फक्त निकाल. शिक्षा म्हणजे पेना. तो निकाल निर्दोष सोडल्याचा होता आणि ते तिसऱ्या पानावर लिहिलेलं होतं, पण माझा सारांश तोवर पुढे गेलेला. फोन आला तेव्हा मी भाजी घेत होते, अजून ती जागा आठवते. तेव्हापासून सेन्तेन्सिया दिसलं की आधी त्याच्या शेजारचं विशेषण शोधते, कोन्देनातोरिया की आब्सोलुतोरिया.

माहिस्त्रादो आपल्या मॅजिस्ट्रेटसारखा दिसतो, पण आपल्याकडे मॅजिस्ट्रेट खालच्या पायरीवर आणि स्पेनमध्ये माहिस्त्रादो हा हुएसच्या, म्हणजे साध्या न्यायाधीशाच्या, वरचा. इन्हुरिया म्हणजे इजा नव्हे, अब्रूनुकसानी करणारं बोलणं. इजा म्हणजे लेसिओनेस. देमान्दा म्हणजे दिवाणी दावा, देनुन्सिया म्हणजे पोलिसांत किंवा कोर्टात दिलेली तक्रार, आणि केरेया म्हणजे वकील लावून, स्वतः खटल्यात पक्षकार होऊन केलेली फौजदारी फिर्याद. 'एन रेबेल्दिया' वाचून माझ्या एका विद्यार्थ्याने आरोपी बंडखोर संघटनेचा आहे असं लिहिलं होतं, तो बिचारा नुसता फरार होता. आणि 'आउतो दे प्रिसिओन' म्हणजे तुरुंगात ठेवण्याचा कोर्टाचा आदेश, त्याचं भाषांतर एका बॅचमध्ये 'जेलची गाडी' असं आलं होतं, ते मी आजही दर वर्षी पहिल्या लेक्चरला सांगते.

तुमच्या केवायसीत रोज लागणारे शब्द वेगळे सांगते. ब्लांकेओ दे कापितालेस स्पेनमध्ये, लाबादो दे दिनेरो किंवा लाबादो दे आक्तिबोस तिकडे लॅटिन अमेरिकेत, गोष्ट एकच. लाच कायद्यात कोएचो, बोलण्यात सोबोर्नो, मेक्सिकोत मोर्दिदा (शब्दशः चावा, काय नेमका शब्द आहे), अर्जेंटिना-पेरूकडे कोइमा. तेस्ताफेर्रो म्हणजे ज्याच्या नावावर माल आहे पण मालक दुसराच, मेक्सिकोत प्रेस्तानोम्ब्रेस म्हणजे नाव उसनं देणारा. याला आपल्याकडे बेनामीदार हा तयार शब्द आहे, तो वापरा की! प्रेबारिकासिओन इंग्रजीवरून टोलवाटोलवी वाटतं, पण तो न्यायाधीशाने किंवा अधिकाऱ्याने जाणूनबुजून चुकीचा निर्णय देण्याचा गुन्हा आहे.

व्याकरणातली एकच गोष्ट, पण सोन्यासारखी. 'आब्रिया कोब्रादो कोमिसिओनेस' असं वाक्य आलं की बी-वनचा विद्यार्थी 'त्याने कमिशन घेतलं असतं' असं करतो. बातमीत त्याचा अर्थ 'त्याने म्हणे कमिशन घेतलं'. हा आब्रिया म्हणजे आपला 'म्हणे'. पत्रकार अंग काढून घेतोय, पुरावा त्याच्याकडे नाही. तसंच प्रेसुन्तो म्हणजे 'कथित'. हे दोन दिसले आणि तुमच्या रिपोर्टमध्ये 'म्हणे' किंवा 'कथित' उतरलं नाही, तर शब्द बरोबर असूनही रिपोर्ट खोटा आहे.

क्रियापदांमागचे शब्दही जोडीनेच पाठ करा. आकुसार दे, म्हणजे अमक्याचा आरोप. कोन्देनार आ चार वर्षं, पोर अमका गुन्हा. सुटा शब्द पाठ केला की वाक्यात तो सापडत नाही, हे आब्सुएल्तोच्या वेळी पाहिलंतच. म्हणून कार्डावर अख्खं वाक्य लिहा, बातमीतलं, देश आणि वर्षासकट. दिवसाला पाच पुरे. स्पेनच्या पेपरात ही पानं सुसेसोस या नावाने असतात, मेक्सिकोत नोता रोहा, अर्जेंटिनात पोलिसियालेस. पण तुमचे लोक, म्हणजे पैसेवाले, तिथे कमी आणि राजकारण-अर्थकारणाच्या पानांवर जास्त सापडतात. शंका आली की रेआल आकादेमियाची कायद्याच्या स्पॅनिशची डिक्शनरी ऑनलाईन फुकट आहे, त्यात कुठला अर्थ कुठल्या देशातला ते दिलेलं असतं. साध्या इंग्रजी-स्पॅनिश डिक्शनरीवर या कामात विसंबू नका, तिथे देश गायब असतो.

तुम्ही असंही लिहिलंय की हे शब्द फार परके वाटतात. सगळे नाहीत हो. आल्काल्दे, म्हणजे महापौर, हा मूळचा अरबी काझी. आल्ग्वासिल, कोर्टाचा बेलीफ, हा वजीर, फारच खाली घसरलेला. आदुआना म्हणजे कस्टम आणि आपल्या दिवाणी कोर्टातला दिवाण, दोघांचं मूळ एकच, दीवान. आणि पोलिसांच्या गप्पांतला फुलानो हा आपला फलाणाच आहे, अगदी तस्साच. अरबी-फारसी त्यांच्या कोर्टकचेरीत एका बाजूने शिरली आणि आपल्या दुसऱ्या बाजूने. वर्गात हे सांगितलं की मुलांचे चेहरे जरा सैल होतात. गोव्यात वारसाहक्काच्या कामात कुणी ओळखीचं असेल तर अजून सोपं, तिथे १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी कायद्याचे अवशेष अजून चालू आहेत, आणि वारसाला पोर्तुगीजमध्ये एर्देइरो तर स्पॅनिशमध्ये एरेदेरो, फार काही वेगळं नाही.

आणि हो, मराठीतलं आधी पक्कं करा. मी नवीन बॅचला विचारते की जबरी चोरी आणि दरोडा यात फरक काय, आणि निम्म्या वर्गाला सांगता येत नाही (पाच किंवा जास्त लोक असले की दरोडा). स्वतःच्या भाषेत जो फरक दिसत नाही तो स्पॅनिशमध्ये कसा दिसणार? महिनाभर मराठी पेपरातली कोर्टाची बातमी रोज एक वाचा, तीही रेघेवर मांडा.

राहिलं तुमचं वाक्य. शेवटचा तुकडा, 'ला सेन्तेन्सिया नो एस फिर्मे', तुम्ही पूर्ण सोडूनच दिला होतात आणि क्यूसीनेही त्यावर काही म्हटलेलं दिसत नाही. त्याचा अर्थ निकाल अंतिम नाही, अपील होऊ शकतं. मी असती तर रिपोर्टमध्ये असं लिहिलं असतं: 'काळा पैसा पांढरा केल्याच्या आरोपातून कोर्टाने निर्दोष सोडलं, सरकारी पक्षाने चार वर्षांची मागणी केली होती, निकाल अजून अंतिम नाही, काही महिन्यांनी पुन्हा तपासावं.' आणि मूळ बातमी परत उघडून एवढं बघा की ती आउदिएन्सिया प्रोबिन्सियाल आहे, म्हणजे त्या प्रांताची, की आउदिएन्सिया नासिओनाल, माद्रिदमधली, जी मोठे आर्थिक घोटाळे आणि दहशतवादाचे खटले बघते. बातमीत पुढे दोन्हीला नुसतं 'ला आउदिएन्सिया' म्हणतात, पूर्ण नाव बहुतेक पहिल्या परिच्छेदात असतं, आणि तो परिच्छेद तुम्ही इथे दिलेला नाही.